गायरानाचा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतच घ्या

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी सौर आणि पवनऊर्जा प्रकल्पांवर पर्यावरण नियोजक म्हणून काम करते. साइटवर मला ‘एन्व्हायर्न्मेंटवाल्या मॅडम’ म्हणतात. आधी जेसीबी येतो, मग कुंपणाचे खांब येतात, मग केबलची ड्रमं, आणि सगळ्यांच्या शेवटी मॅडम येतात. माझी तक्रार एवढीच आहे, पण तिच्या पोटात बरंच काही आहे.

हे पत्र सौरविरोधी समजून बाजूला पडू नये म्हणून आधीच सांगते. मी माण तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. शेतपंपाच्या थ्री-फेज विजेची रात्रपाळी असली की वडील बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचे आणि ते परत येईपर्यंत आईला झोप लागायची नाही. दिवसा वीज मिळणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे आणि ती व्हायलाच हवी.

प्रश्न जागेचा आहे. १ मेगावॉटला साधारण ४ ते ५ एकर जमीन लागते. आपलं उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचं. म्हणजे कमीत कमी हिशेब धरला तरी ६४,००० एकर. बारामतीजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे. तशी पन्नास अभयारण्यं मावतील एवढी ही जमीन. यातली बरीचशी गावोगावची गायरानं आहेत. आणि १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते त्यांच्या यादीत ना सोलर पॅनेल आहेत, ना पवनचक्क्या. स्वच्छ ऊर्जा, म्हणून सूट. त्यामुळे जागा ठरण्याआधी ती कुणी नीट बघावी अशी सक्ती कुणावरच नाही. कंपनीला कर्ज देणारी बँक अहवाल मागते तेव्हा आम्हाला फोन येतो.

आता माझीच चूक सांगते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्याच माणदेशातलं एक गाव, चाळीसेक एकर गायरान. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. माळ करपलेला, चार बोरी, दोन हिवरं, बाकी मुरूम. मी ड्रोन उडवला, जीपीएसवर चार कोपरे घेतले आणि ‘जमिनीचा सध्याचा वापर’ या रकान्यात लिहिलं: पडीक, विनावापर. सगळं मिळून तासाभराचं काम, त्यातली दहा मिनिटं सॉक्समधली कुसळं उपटण्यात गेली. ही कुसळं कुठल्या गवताची, आणि ते गवत गेलं कुठं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

निघताना एक म्हातारबाबा भेटले. पोरं मेंढरं घेऊन कोकणात गेलेली, गुडघे धरल्यामुळे हे एकटे घरी. म्हणाले, “बाय, आखाडात ये की. आत्ता काय बघतीस?” मी हसून गाडीत बसले. आखाडापर्यंत थांबायला अहवालाला सवड नव्हती.

आखाडात गेले ती तक्रार आली म्हणून. गावापासून पाझर तलावाकडे जाणारी पाणंद, म्हणजे गुराढोरांची जुनी वाट, कुंपणाच्या आत गेली होती. कोकणातून परतलेली मेंढ्यांची खांडं डांबरी रस्त्याने तीन किलोमीटरचा वळसा घेऊन पाण्यावर चालली होती, ट्रकच्या हॉर्नमधून वाट काढत. पॅनेल ज्यावर बसवतात ती टेबलं एका पातळीत यावीत म्हणून सगळा उतार खरवडून सपाट केलेला. वळवाच्या पहिल्या दोन पावसांत ती मोकळी माती खालच्या अंगाच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीत उतरली होती. त्याने बादली वर ओढून दाखवली, पाणी दुधाच्या चहासारखं. जो ओघळ ड्रोनच्या फोटोत मला भेग वाटला होता, तो वाहत होता. कुंपणाच्या बाहेर, जिथे माळ शाबूत होता, तिथे पवन्या आणि मारवेल गवत पोटरीभर आलेलं. आत जाळीला धरून एक माळटिटवी ओरडत फिरत होती. हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि जमीन तर आम्ही मार्च ते मे खरवडली होती.

मी अहवालात उपाय सुचवला: कुंपणाला फाटक. फाटक झालं. त्याची किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन दर दोन महिन्यांनी बदलतो. पाणंद खरोखर मोकळी करायची तर टेबलांच्या दोन रांगा उचलाव्या लागल्या असत्या, आणि उभी राहिलेली रांग कुणी उचलत नाही, साहेब. कागदावर असते तोवरच ती सरकते.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर राजस्थान-गुजरातकडे बघा. माळढोकाच्या मुलखातून विजेच्या तारा आधी ओढल्या गेल्या, मग पक्षी त्यांना धडकून मरतात म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनीखालून न्यायला सांगितलं, मग २०२४ मध्ये तेही सरसकट जमेना म्हणून तज्ज्ञ समिती नेमली. आपल्याकडे साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहून बरीच वर्षं झाल्यावर संशोधकांनी मोजदाद केली. २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आणि सरडे जास्त. गळ्याला निळा-केशरी पंखा असलेले तिथले सरडे तर इतके निर्धास्त झालेत की माणूस अगदी जवळ येईपर्यंत हलत नाहीत. घारी-ससाण्यांचं भय उरलेलं नाही. पवनचक्क्या बंद करा असं त्या अभ्यासातून निघत नाही, मीही म्हणत नाही. पण हे आधी मोजलं असतं तर चार खांब इकडचे तिकडे करणं शक्य होतं.

त्या चाळीस एकर गायरानाच्या कामाकडे परत येते. विहिरीचं प्रकरण मिटवताना मी ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग, म्हणजे सभांच्या नोंदींचं पुस्तक, वाचायला मागितलं. गायरान देण्याचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एकमताने मंजूर. एकमत होणारच. ज्यांच्या मेंढ्या त्या माळावर चरतात ती पंचवीस-तीस घरं तेव्हा गावात नव्हतीच. दसरा-दिवाळी झाली की मेंढपाळांचे वाडे हलतात आणि पाऊस लागला की परततात, हे माण-खटाव-जतमध्ये शाळकरी पोराला माहीत असतं. आपल्या चार ठरलेल्या ग्रामसभांपैकी २६ जानेवारी आणि १ मे या दोन्ही त्यांच्या गैरहजेरीत होतात. १५ ऑगस्टला मात्र ते गावात असतात आणि माळही हिरवा असतो.

आणि मिळतं कुणाला काय? खाजगी जमीन भाड्याने दिली तर शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, वर ३ टक्के वाढ. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीन वर्षं. प्रकल्प चालणार पंचवीस वर्षं. मेंढपाळाचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसल्यामुळे त्याला द्यायचं काय, हा विषयच निघत नाही.

२००६ ची अधिसूचना केंद्राची आहे, ती तुम्ही बदलू शकत नाही, हे मला कळतं. गायरानं मात्र राज्याच्या हातात आहेत. योजनेच्या जागावाटपात एवढं घाला: गायरानाचा ठराव फक्त १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत होईल, आणि त्याआधी जून-जुलैत एकदा कुणीतरी पर्यावरणाचा माणूस मेंढपाळांना सोबत घेऊन माळ पायी फिरेल. ओढे, पाणंदी, पाणवठे नकाशावर येतील आणि मग टेबलं मांडली जातील. सपाटीकरण टाळून उतारावरच खांब रोवता येतात. थोडा खर्च वाढतो, गाळ थांबतो. पॅनेलखाली गवत राहू द्या आणि मेंढ्यांना आत सोडा, कंपनीचा गवत कापायचा खर्चही वाचेल. (शेळ्या नको. शेळी पॅनेलवर चढते. मेंढी बिचारी खाली मान घालून चरते.)

यात कुठलाही प्रकल्प रद्द होत नाही. फार तर काही महिने पुढे जातो.

सध्या माझ्या टेबलावर अशीच एक फाइल आहे. ३८ एकर गायरान, ड्रोनचे फोटो जोडलेले, वापराचा रकाना माझ्यासाठी कोरा ठेवलेला. ग्रामसभा येत्या २६ जानेवारीला आहे. मी रकाना भरलेला नाही आणि ‘पावसाळ्यात पाहणी करणे आवश्यक’ असा शेरा मारून फाइल परत पाठवणार आहे. कंपनी दुसरा सल्लागार शोधेल, तो तासाभरात सही करेल. तेवढा हा एक विषय १५ ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायला आपण जिल्हाधिकाऱ्यांना सांगावं, ही विनंती. गावाचं नाव आणि गट नंबर आपल्या कार्यालयाला वेगळ्या पत्राने कळवते आहे.

आपली नम्र,
एक पर्यावरण नियोजक, सातारा