सर्वांसाठी आरोग्य विमा : पाठिंबा कोणाचा, ते नावानिशी सांगा

माननीय आरोग्यमंत्री,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र व्यक्तीला नाही, पदाला आहे. सर्वांसाठी सरकारी आरोग्य विमा कधी, असे विचारले की ‘सहमती होऊ द्या’ असे उत्तर मिळते. पण सहमती कोणाची झाली आहे आणि कोणापाशी अडली आहे? कोण बाजूने, कोण विरोधात, कोण कुंपणावर, याचा अंदाज घेतल्याशिवाय कोणताही मंत्री सभागृहात विधेयक नेत नाही. तो हिशेब लोकांसमोर ठेवा, एवढीच माझी मागणी आहे.

हिशेब झाकलेला राहिला की काय होते, ते कॅलिफोर्नियात दिसले. राज्यातल्या प्रत्येक रहिवाशाच्या उपचाराचा खर्च एकाच सरकारी निधीतून करणारे ‘एबी १४००’ हे विधेयक तिथल्या कनिष्ठ सभागृहात होते. ३१ जानेवारी २०२२ ही त्याची शेवटची मुदत. मते पुरत नाहीत हे दिसल्यावर विधेयक मांडणारे सदस्य अ‍ॅश कालरा यांनी ते मतदानालाच नेले नाही. हरलेले विधेयक पुन्हा उभे करणे अवघड जाते, हे मान्य. पण त्या दिवशी एकाही सदस्याला उघडपणे ‘नको’ म्हणावे लागले नाही. या विधेयकासाठी झटलेल्या परिचारिकांच्या संघटनेने जाहीर संताप व्यक्त केला, आणि तो मला रास्तच वाटतो. विरोध कोणाचा, हेच कळले नाही तर मतदाराने जाब विचारायचा कोणाला?

नुसती सहीही पुरत नाही. २०१७ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये बर्नी सँडर्स यांनी सर्वांना सरकारी आरोग्य विमा देणारे ‘मेडिकेअर फॉर ऑल’ विधेयक मांडले, तेव्हा १६ सदस्य सहप्रस्तावक झाले. सभागृहात बहुमत विरोधकांचे होते, विधेयक पुढे सरकणार नव्हते; सही करायला काही मोजावे लागत नव्हते. सह्या करणाऱ्यांत कमला हॅरिस होत्या. दोन वर्षांनी त्यांनी खासगी विमा कंपन्यांना जागा ठेवणारी स्वतःची वेगळी योजना मांडली. भूमिका बदलण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण सहप्रस्तावकांची यादी तिथे सार्वजनिक असते, म्हणून आधी काय होते आणि नंतर काय झाले हे कोणालाही ताडून पाहता आले. आवाजी मतदानात विरलेल्या ‘होय’बद्दल असे काही करता येत नाही.

खरी परीक्षा पैशाची. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०११ मध्ये सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवेचा कायदा केला, पण पैसा कसा उभारायचा हे पुढे ढकलले. डिसेंबर २०१४ मध्ये आकडा समोर आला : मालकांवर वेतनाच्या ११.५ टक्के कर, शिवाय कुटुंबांच्या उत्पन्नावर ९.५ टक्क्यांपर्यंत आकारणी. ज्या गव्हर्नर पीटर शुमलिन यांनी कायद्यावर सही केली होती, त्यांनीच योजना गुंडाळली. म्हणून लोकप्रतिनिधीला ‘तुम्ही बाजूने आहात का?’ एवढेच विचारून भागत नाही. कर वाढवण्याच्या बाजूने मत द्याल का? खासगी विम्याला किती वाव ठेवाल? दाखल होताना रुग्णाकडून अनामत घेण्यावर बंदी हवी का? या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या. नावापुढे तारीख टाका. उत्तर न देणाऱ्यापुढे ‘उत्तर नाही’ असेच लिहा. ‘अनुकूल’ या रकान्यात त्याला ढकलू नका. आणि स्वतःच्या मालकीचे रुग्णालय किंवा विमा कंपनीत हिस्सा असेल, तर तेही त्याच ओळीत यायला हवे.

पक्षाचा व्हिप निघाल्यावर वैयक्तिक मताला काय अर्थ, असे तुमचे सहकारी म्हणतील. पण व्हिप निघण्याआधी पक्षाच्या बैठकीत कोण काय बोलतो, यावरच तो कोणत्या बाजूचा निघणार हे ठरते. मतदारसंघातल्या लोकांना आपल्या प्रतिनिधीची भूमिका तेव्हाच माहीत असायला हवी. नंतर कळून उपयोग नाही.

पक्का पाठिंबा काय करू शकतो, ते कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताने दाखवले. १ जुलै १९६२ रोजी तिथे सरकारी वैद्यकीय विमा सुरू झाला आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. संप २३ दिवस चालला. सरकारने तडजोड केली, डॉक्टरांना काही सवलती दिल्या, पण योजना सोडली नाही. पुढे ती देशभर गेली, आणि १९८४ चा कॅनडा आरोग्य कायदा तिथल्या संसदेत एकमताने संमत झाला. आधीच्या पिढीत रस्त्यावर भांडण झालेल्या प्रश्नावर एकमत! ते आपोआप झाले नाही. आधी कोणीतरी उघडपणे बाजू घेऊन टिकून राहिले होते.

तेव्हा पुढच्या अधिवेशनाआधी ही यादी प्रसिद्ध करा आणि दर अधिवेशनानंतर ती सुधारून पुन्हा द्या. विधेयक येईल तेव्हा आवाजी मतदानावर भागवू नका, नावानिशी मतविभागणी मागा. यादीत पहिले नाव तुमचे असावे आणि करवाढीच्या प्रश्नापुढे तुमचे उत्तर असावे, ही विनंती.

कळावे,
एक मतदार