ऑक्सफॅमच्या दुकानातल्या अनोळखी मंडळींना

ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४०च्या दशकात ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेचं, दानात आलेल्या वस्तू विकणारं दुकान निघालं. आमच्या गावातलं त्याचंच धाकटं भावंड. तिथे बिनपगारी राबणाऱ्या, मागच्या खोलीत दानातल्या कपड्यांना वाफेची इस्त्री करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार! नुसतं बघत फिरले तरी कोणी कधी मागे लागलं नाही. माझ्या लोकरीच्या कोटाचं बटण कोणी शिवलं, कोण जाणे. दोरा वेगळ्या रंगाचा, पण टाका पक्का. आणि जिगसॉच्या खोक्यावर पेन्सिलीने ‘५०० तुकडे, मोजलेत’ असं लिहिणाऱ्या भल्या माणसा, तुझ्या चिकाटीला दंडवत! (खरंच ५०० भरले.) सामान द्यायला जाणाऱ्यांनो, इथे ब्रिटनमध्ये पुरेसा आयकर भरत असाल तर गिफ्ट एडच्या अर्जावर सही नक्की करा, विक्रीच्या दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात.