लहरदार केसांवर इस्त्री हा उपाय नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सौंदर्यविषयक सल्ल्याचे सदर असते. त्यात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न आणि तिला मिळालेले उत्तर वाचून हे पत्र लिहीत आहे. तिचे केस मानेवर आणि कानांमागे नागमोडी, कपाळालगत जवळजवळ सरळ आणि माथ्यावर भुरभुरीत, पिंजारल्यासारखे आहेत, त्यामुळे कितीही विंचरले तरी ते नीट दिसत नाहीत, अशी तिची तक्रार होती. उत्तरात तिला पार्लरमधील ‘स्मूदनिंग’ किंवा ‘केरॅटिन’ हे केस सरळ, गुळगुळीत करणारे रासायनिक उपचार करून घ्यावेत, असे दोन ओळींत सांगून विषय संपवला होता. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे आणि आमच्या घरात आईपासून भाचीपर्यंत साऱ्यांचे केस थेट त्या मुलीसारखे आहेत. म्हणूनच हे उत्तर अपुरे आहे आणि काही अंशी धोक्याचेही आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकारचे केस असणे हा दोष नाही, आजार तर नाहीच. केस सरळ येणार की वळणदार, हे त्वचेखालच्या केशकूपाच्या, म्हणजे केस जेथून उगवतो त्या पिशवीच्या, आकारावर ठरते. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो, वळणदार केसाचा लंबगोल असतो आणि त्याचा केशकूपही किंचित वाकलेला असतो. माणसाच्या डोक्यावर सुमारे 1 लाख केस असतात आणि ते सारे एकसारख्या केशकूपांतून यावेत, असा काही निसर्गाचा नियम नाही. वयात येताना, बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या काळात केसांचा पोत बदलल्याचे अनेकींच्या लक्षात येते आणि पांढरे झालेले केस पुष्कळदा अधिक राठ लागतात. त्यात आपल्या सवयींची भर पडते. रोज त्याच जागी करकचून बांधलेला पोनीटेल, सुती उशीवर रात्रभर होणारे घर्षण, हेल्मेट, पूर्वी केलेला रंग किंवा ब्लीच यांमुळे माथ्यावरचे आणि कानशिलाजवळचे केस आधी खराब होतात आणि मुळातला फरक अधिक डोळ्यांत भरू लागतो. केस एकाएकी राठ होऊन गळू लागले असतील, तर थायरॉइडची आणि रक्तातील लोहाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. पण त्या मुलीने तशी कोणतीही तक्रार लिहिलेली नव्हती.

अशा केसांतील लहर खुलवण्याची खरी संधी केस ओले असताना असते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. केस केरॅटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यातील गंधकाचे बंध मजबूत असतात, पण त्यांच्या जोडीला असणारे हायड्रोजन बंध पाण्याने सहज सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. इस्त्री केलेल्या सुती कापडावर पाणी पडले की घडी मोडते आणि ते जसे वाळत घालावे तसे वाळते, तसेच काहीसे येथे घडते. केस ज्या वळणात वाळतील ते वळण पुढच्या धुण्यापर्यंत, निदान दमट हवा लागेपर्यंत, टिकते. नागमोडी केस ओले असताना टॉवेलने खसाखसा पुसले, वाळल्यावर बारीक दातांच्या कंगव्याने विंचरले, की जुळू पाहणारी प्रत्येक लहर आपणच मोडतो आणि मग केस पिंजारले म्हणून त्यांना नावे ठेवतो.

भाचीच्या केसांवर आम्ही जे करतो ते थोडे तपशिलाने सांगते, कारण या विषयात तपशीलच उपयोगी पडतो. शाम्पू फक्त टाळूला लावायचा आणि बोटांच्या पेरांनी चोळायचा. केसांच्या लांबीला खाली ओघळणारा फेस पुरतो. मग कंडिशनर टाळू सोडून मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावायचा आणि तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर वर येत, गुंता काढायचा. एवढी एकच विंचरणी. त्यानंतर पुढच्या न्हाण्यापर्यंत कंगवा लावायचा नाही. कंडिशनर धुतल्यावर केस पुसायचे नाहीत. डोके एका बाजूला झुकवून, अजून पाणी ठिबकत असताना, जवसाचे जेल दोन्ही तळव्यांना पसरून केसांवरून हलके फिरवायचे आणि मग केसांची टोके ओंजळीत घेऊन मुळांच्या दिशेने वर नेत मुठीत दाबायची. पुरेसे पाणी आणि पुरेसे जेल असेल तर दाबताना चुबुक चुबुक असा आवाज येतो. तो आला नाही तर थोडे पाणी आणखी लावावे. शेवटी जुन्या सुती पंचाने, न चोळता, तसेच खालून वर दाबत जास्तीचे पाणी टिपून घ्यायचे.

जवसाचे जेल घरी सहज होते. दोन मोठे चमचे जवस सुमारे दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळावे, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटू लागली की आच बंद करून गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे. थंड झाल्यावर ते इतके घट्ट होते की मग गाळता गाळले जात नाही. फ्रिजमध्ये ते आठवडाभर राहते, वास बदलला की टाकून द्यावे. बाजारचे साधे जेलही चालते, मात्र ज्यांची टाळू हुळहुळी आहे त्यांनी कोणतेही जेल आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावे.

आता असमान पोताचा प्रश्न. साऱ्या डोक्याला एकच उपचार देण्याचा आग्रह सोडला तर तो बराचसा सुटतो. मानेवरच्या केसांत मुळातच वळण असते, त्यांना मुठीत दाबणे पुरते. कपाळालगतच्या सरळ बटा ओल्या असतानाच बोटाभर जाडीच्या घ्याव्यात, बोटाभोवती चेहऱ्यापासून बाहेरच्या दिशेने पीळ द्यावा आणि तशाच सोडाव्यात. किंवा त्यांच्या दोन सैल वेण्या घालून वाळू द्याव्यात. माथ्यावरचे भुरभुरीत केस बहुधा कोरडे पडलेले असतात, तेथे मुठीत दाबण्याऐवजी ओल्या तळव्याने जेल वरून खाली, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने बसवावे. त्यानंतर सर्वांत अवघड काम उरते, ते म्हणजे केस पूर्ण वाळेपर्यंत हात न लावणे. वाळल्यावर केस काहीसे कडक, कागदासारखे लागतात. ते पाहून पहिल्यांदा घाबरायला होते, पण तो जेलचा पातळ थर असतो. हातावर खोबरेल तेलाचा एखादाच थेंब चोळून केस पुन्हा ओंजळीत हलके दाबले की कडकपणा जातो आणि लहर मागे राहते. एका धुण्यात चमत्कार होत नाही. केसांचे वळण सलग काही आठवडे असे सांभाळले म्हणजे कोणत्या भागाला काय मानवते हे आपले आपल्याला कळू लागते.

तेलाबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात, म्हणून तेही सांगते. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, तर सूर्यफुलाचे आणि खनिज तेल तसे करत नाही, असे आढळले होते. कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा, तरीही न्हाण्यापूर्वी तेल लावण्याच्या आपल्या आज्यांच्या रीतीला त्यात आधार आहे. न्हाल्यानंतर मात्र चापूनचोपून तेल बसवले की त्याच्या वजनाने लहर खाली ओढली जाते. शिकेकाई वापरणाऱ्यांनी तिचे पाणी नीट गाळून घ्यावे, कारण भुकटीचे कण वळणदार केसांत अडकून बसतात. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर साचतात आणि केस राठ, निस्तेज होतात. असे पाणी असेल तेथे निदान शेवटचे दोन तांबे क्षार काढलेल्या मऊ पाण्याचे किंवा साठवलेल्या स्वच्छ पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात केस फुगतात त्याचे कारण वर सांगितलेले हायड्रोजन बंधच आहेत. हवेतील ओल त्यांना सैल करते. त्या दिवसांत जेल थोडे अधिक लावणे हाच त्यातल्या त्यात चांगला उपाय.

आता आपल्या सदरातील सल्ल्याकडे वळते. स्मूदनिंग आणि रिबाँडिंग यांत रसायनाने गंधकाचे बंध तोडून, गरम इस्त्रीने केस सपाट करून, ते बंध त्या सपाट अवस्थेत पुन्हा जोडले जातात. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात आणि नवा केस आपले मूळचे वळण घेऊनच येतो. म्हणजे सहा महिन्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर मुळाशी 6 सेंटिमीटर नागमोडी आणि खाली काठीसारखे सरळ केस असतील. असमानतेची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला आपण अधिक मोठी असमानता दिली, आणि ती लपवण्यासाठी दर काही महिन्यांनी हजारो रुपये मोजण्याच्या चक्रात अडकवले, असा त्याचा अर्थ होतो.

‘केरॅटिन’ नावाने होणाऱ्या अनेक उपचारांबाबत याहून गंभीर बोलावे लागेल. त्यातील काही द्रावणांत फॉर्माल्डिहाइड किंवा गरम केल्यावर ते बाहेर सोडणारी संयुगे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडचा समावेश माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. डोळे चुरचुरणे आणि घसा खवखवणे हा त्या वाफेचा तत्काळ परिणाम. पार्लरमध्ये दिवसभर उभ्या राहून हे काम करणाऱ्या मुलींना ती वाफ रोज घ्यावी लागते आणि त्यांचा विचार तर कोणीच करत नाही. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. अशा क्रीमच्या वापरानंतर तीन वेळा मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेल्या एका 26 वर्षांच्या स्त्रीची हकिगत फ्रान्समधील डॉक्टरांनी मार्च 2024 मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात मांडली. अमेरिकेत सुमारे 33,500 स्त्रियांच्या जवळजवळ 11 वर्षांच्या पाहणीवर आधारित, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केस सरळ करणारी रसायने वर्षात चारहून अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण 4.05 टक्के, तर कधीच न वापरणाऱ्यांमध्ये 1.64 टक्के असल्याचा अंदाज मांडला गेला. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण विशीतल्या मुलीला हा सल्ला देताना यातील एक शब्दही सांगू नये, हे मला पटत नाही.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींनाही एक विनंती आहे. लहरदार केस ओले करून, ताणून, सरळ रेषेत कापले की वाळल्यावर ते वेगवेगळ्या उंचीवर वर चढतात आणि असमानता कापण्यातूनच वाढते. केस आधी कोरडे, मोकळे पाहून, कोणत्या भागात किती वळण आहे ते ओळखून मग कात्री लावावी. लांब आणि जड केसांना थोड्या लेयर दिल्या तर वजन हलके होऊन लहर वर येते. ओल्या केसांवर गरम इस्त्री तर कधीच फिरवू नये, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन केसातच बुडबुडे तयार होतात आणि केस तेथून तुटतो. शाळांनीही दोन घट्ट वेण्यांचा नियम थोडा सैल करावा. केस बांधलेले असावेत, हे शिस्तीला पुरेसे आहे. कानशिलाजवळची त्वचा ताणली जाईल इतके ते घट्ट असले पाहिजेत, असे नाही. सततच्या ताणाने त्या जागी केस कायमचे विरळ होऊ शकतात.

आपल्या सदराने या प्रश्नाला पुन्हा, पुरेशी जागा देऊन आणि त्वचारोगतज्ज्ञाचे मत घेऊन उत्तर द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रासायनिक उपचार सुचवायचाच असेल तर बाटलीवरील घटकांची यादी स्वतः वाचावी, ती दाखवण्यास नकार मिळाला तर उठून यावे, एवढे तरी त्यात छापावे. आणि त्या मुलीने दरम्यान उपचार करून घेतला असेल, तर तिला हेही कळवावे की सपाट झालेला भाग एकदम कापण्याची गरज नाही. दर दोन-तीन महिन्यांनी थोडी टोके कापत गेले, आणि मधल्या काळात रात्री सैल वेण्या घालून वरचा आणि खालचा भाग जुळवून घेतला, तर खांद्यापर्यंतचे केस साधारण दोन वर्षांत पूर्णपणे तिचे स्वतःचे होतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सांगली