मनानंगाल भूत नव्हे, जिवंत बाई

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत फिलिपिन्समधल्या ‘मनानंगाल’ला ‘रक्तपिपासू भूत’ म्हटलं आहे. पण ती भूत नाही, जिवंत बाई आहे. दिवसा चारचौघींसारखी वावरते, रात्री कमरेपासून वरचं धड सुटं करून वटवाघळाच्या पंखांनी उडते, छपरातून लांब जीभ सोडून गरोदर बाईच्या पोटातला गर्भ शोषते. ‘तंगाल’ म्हणजे सुटं करणं, त्यावरूनच हे नाव.

हा फरक मोठा आहे. आपली अळवंतीण बाळंतपणात मरते, मग लोक तिला भितात. मनानंगाल शेजारच्या घरात राहते.

आखातातल्या एका इस्पितळात मी बरीच वर्षं प्रसूतिकक्षात नर्स होते. सोबतची एक नर्स फिलिपिन्समधल्या इलोइलोची. धाकट्या भावाच्या वेळी आई गरोदर असताना आजीनं खिडकीत लसूण टांगला होता आणि वडील रात्रभर खांबांवरच्या घराखाली कोयता फिरवत बसायचे, असं ती सांगायची. माझ्या आजीनं माझ्या आईच्या उशाखाली विळा ठेवला होता, ते मी तिला सांगितलं. मग विचारलं, ‘‘आणि एवढं करूनही गर्भ पडला तर?’’ ती म्हणाली, ‘‘तर लोक बाई शोधायचे.’’

फिलिपिन्समध्ये झाडावर चिरूट ओढत बसणारा राक्षस ‘काप्रे’ही आहे. पण गर्भ पडला म्हणून काप्रे कुणी शेजारच्या घरात शोधत नाही.

१५६५ साली स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्सच्या सेबू बेटावर ठाण मांडलं, तेव्हा तिथल्या विसाया बेटांवर औषधपाणी आणि देवदेवतांचे विधी ‘बाबायलान’ करत. त्या बहुतेक बायका. हे काम करणारे पुरुषही बायकांचे कपडे घालत. मिशनऱ्यांनी त्यांना चेटकिणी, सैतानाच्या दासी ठरवलं. मनानंगालची भीती आणि बाबायलानची बदनामी यांचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात, आणि मला तो पटतो. जिच्या हाताला गुण, तिच्यावरच पहिला संशय, हे मी माझ्या गावातही पाहिलं आहे.

लेखात केझोन सिटीतल्या बालेते ड्राइव्हची पांढऱ्या कपड्यांतली बाईही आहे. तिचे मोकळे केस आहेत, रक्ताळलेला चेहरा आहे. पण तिच्या कथेच्या एका रूपात टॅक्सीवाल्यानं तिच्यावर बलात्कार करून तिला मारलेलं असतं, म्हणून ती रात्री टॅक्सीवाल्यांनाच दिसते. ती ओळ लेखात नाही. ती छापायला हवी होती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, चिपळूण