साध्या जाळीचं पेटंट कधीच संपलं, मग दर कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हर्णै बंदरावर माझं मासेमारीची जाळी, दोरखंड आणि तंगूस (प्लास्टिकचा एकेरी धागा) विकण्याचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. पावसाळी बंदी लागली आणि होड्या शाकारून झाल्या की आमच्याकडचे खलाशी वर्षभर अंगावर काढलेली दुखणी बाहेर काढतात. त्यात हर्निया फार. जाळं ओढणारा, बर्फाचे क्रेट उचलणारा माणूस जांघेतली गाठ पट्टा आवळून, हाताने आत ढकलून दिवस काढतो आणि १ जून उजाडला की डॉक्टरांकडे जातो. ३१ जुलैपर्यंत जखम भरून अंगात बळ आलं तर नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बोटीवर चढता येतं, हा त्याचा हिशेब.

गेल्या बंदीत माझ्या धाकट्या भावाचं हे ऑपरेशन जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात झालं. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनच्या हाताबद्दल कसलीही तक्रार नाही. तक्रार आहे ती बिलातल्या एका ओळीबद्दल: ‘मेश, १ नग, १६,८०० रुपये’. मेश म्हणजे हर्नियाच्या जागी शरीराच्या आत बसवतात ती जाळी. कोणत्या कंपनीची, कसली, किती मापाची, याचा पत्ता नाही. डिस्चार्ज कार्डावरही एक अक्षर नाही. औषधाच्या काउंटरवर विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘काका, पेटंटवाली जाळी आहे, महागच असते.’ हेच उत्तर बंदरावरच्या आणखी काही घरांना मिळाल्याचं नंतर कळलं. एरवी मी वर्तमानपत्रात पत्रं लिहिणारा माणूस नाही, पण हे उत्तर चुकीचं आहे आणि ते गरिबाच्या खिशाला लागतं आहे.

लेखी अर्ज केल्यावर केसपेपरची प्रत मिळाली. शरीरात बसवायच्या जाळीच्या पाकिटात रुग्णाच्या कागदांवर चिकटवण्यासाठी सहसा स्टिकर असतो. तो तिथे होता. पॉलिप्रॉपिलिन, विणलेली, १५ बाय साडेसात सेंटिमीटर, भारतात बनलेली. म्हणजे हर्नियासाठी मिळणारी सगळ्यात साधी, सपाट जाळी.

हे प्लास्टिक माझ्या रोजच्या हाताळणीतलं. पाण्यावर तरंगतो म्हणून जो दोर आम्ही विकतो तो याच पॉलिप्रॉपिलिनचा. ओळखीच्या एका सर्जननी मुदत संपलेली एक जाळी मला बघायला दिली. पाकीट फोडून ती मी दुकानातल्या ट्यूबखाली धरली. तंतू एकेरी, तंगुसासारखाच, पण केसाएवढा बारीक. गाठ कुठेही नाही. फासात फास अडकवत विणकामाच्या यंत्रावर केलेली. आस, म्हणजे जाळीचं भोक, जेमतेम मिलिमीटरभर. कात्रीने तिरकी कापली तरी कडेचा एक तंतू सुटला नाही, आणि उभी-आडवी दोन्हीकडे थोडी ताणली जाते. सर्जननी समजावलं की याच आसांतून शरीराचं नवं मांस वाढतं आणि काही आठवड्यांत जाळी स्नायूंशी एकजीव होते. एकेरी तंतू मुद्दाम. पिळाच्या धाग्यात जंतूंना दडायला जागा सापडते.

न सुटणारी कड, दोन्हीकडचा ताण, पाण्याच्या वाफेत निर्जंतुक करता येणं, हे सगळं साठ वर्षांपूर्वीच साधलेलं आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला फ्रान्सिस अशर नावाचे सर्जन होते. फिलिप्स पेट्रोलियम कंपनीने नवं प्लास्टिक काढलं होतं, मार्लेक्स नावाचं. त्या काळी पोरं कमरेभोवती फिरवायची ती हूला हूपची कडी याच प्लास्टिकची. अशर यांनी त्याचं कापड विणून घेतलं आणि १९५८ मध्ये हर्नियासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे ते पॉलिप्रॉपिलिनच्या विणीकडे वळले. १९६२ मध्ये त्यांना ‘सर्जिकल मेश’ या नावाने अमेरिकेचं पेटंट मिळालं. माझी पुतणी पुण्यात पेटंटच्या अर्जांचं काम करते, तिने ते मला काढून दाखवलं. तेव्हा तिथे पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालायचं. म्हणजे ते १९७९ मध्ये संपलं. ताण न देता, फक्त जाळी पसरून शिवण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाइन यांनी १९८९ मध्ये मांडली. आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर पेटंट मिळतच नाही; १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(आय) मध्ये ते स्पष्ट आहे. तेव्हा साधी जाळीही मोकळी आणि ती बसवायची रीतही मोकळी. त्या काउंटरवरचं पेटंट आलं कुठून?

पेटंटं आहेत, नाही असं नाही. ती आहेत साध्या जाळीवर चढवलेल्या सुधारणांवर: विशिष्ट आकार, लेप, आपोआप पकड घेणारे बारीक काटे, विरघळणारे थर. त्या किती बारीक बाबींवर असतात याचा एक नमुना पुतणीने वाचायला दिला. जांघेच्या छिद्रात बसवायच्या शंकूसारख्या जाळीचं पेटंट अमेरिकेत १९९४ मध्ये झालं आणि ते सी. आर. बार्ड कंपनीकडे होतं. तिने युनायटेड स्टेट्स सर्जिकल या कंपनीवर दावा लावला. भांडण कशावरून? तर शंकूला साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या आहेत की नाहीत यावरून. २००४ मध्ये तिथल्या अपिली न्यायालयाने सांगितलं की पेटंट चुण्या असलेल्याच शंकूचं आहे, समोरच्याच्या शंकूला चुण्या नाहीत, म्हणून उल्लंघन नाही. सबब, ‘जाळीला पेटंट आहे’ असं कुणी म्हणालं की विचारायचं ते हे: नेमकं कशाला? लेपाला, काट्याला, की निरीला?

काही सुधारणा खरोखर कामाच्या आहेत, हे मला मान्य आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी पोटाच्या आतून, आतड्याला लागून जाळी ठेवावी लागते. तिथे नुसतं पॉलिप्रॉपिलिन आतड्याला चिकटतं, म्हणून आतड्याकडच्या बाजूला वेगळा थर असलेली जाळी लागते. ती महाग पडणार, आणि ज्याला ती गरजेची आहे त्याला ती मिळालीच पाहिजे. पण पेटंट म्हणजे नवेपणाचा दाखला. रुग्णासाठी ते चांगलंच आहे याची हमी पेटंट कचेरी देत नाही. बार्डचाच कूगेल पॅच, आत प्लास्टिकचं कडं असलेला, ते कडं तुटत असल्यामुळे २००५ पासून बाजारातून परत घ्यावा लागला होता. जांघेच्या साध्या हर्नियावर उघडं ऑपरेशन करून घेणाऱ्या खलाशाला साधी सपाट जाळी पुरते, आणि तिला तो महागडेपणाचा टिळा लावायचं कारण नाही.

आपल्याच महाराष्ट्रातलं एक काम या बाबतीत फार मोलाचं आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३५९ हर्नियांचा अहवाल २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर तुलना झाली: निम्म्यांना मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना कंपनीची. २०१६ मध्ये निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, कंपनीच्या गटात एकाचाही नाही; बाकी त्रास दोन्हीकडे जवळपास सारखा. एका जाळीची किंमत एक डॉलर, दुसरीची १२५. दोंडाईच्यासारख्या गावात बसून एका सर्जनने जगाला दाखवलेली ही वाट आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो. कुणी घरची मच्छरदाणी घेऊन दवाखान्यात जावं, असं मी म्हणत नाही. निवड, चाचणी आणि निर्जंतुकीकरण हे डॉक्टरांचंच काम. कंपनीच्या जाळीलाही शुद्ध कच्चा माल, चाचण्या, परवाना यांचा खर्च येतो. दोराच्या भावात ती मिळेल असं माझ्यासारखा दोर विकणारा तरी म्हणणार नाही.

पण आज दर कसा ठरतो? छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढं बंधन आहे. मुळात ती किती छापायची यावर नाही. त्यामुळे उंच छापायची, रुग्णालयाला स्वस्तात द्यायची आणि मधला फरक रुग्णाने भरायचा, हे जमतं. हृदयाच्या स्टेंटचं असंच चाललं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी लेपाच्या स्टेंटला २९,६०० रुपये कमाल दर लावला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यालाही लावला. मग साध्या पॉलिप्रॉपिलिन जाळीने काय घोडं मारलंय? तिला पेटंटचा अडसर नाही, देशात बनवणाऱ्या कंपन्या आहेत, मापं ठरलेली आहेत. प्राधिकरणाने तिचा कमाल दर ठरवावा, आणि कोकणातल्या आमदार-खासदारांनी ही मागणी लावून धरावी.

खऱ्या पेटंटच्या महागड्या जाळ्यांसाठीही कायद्यात दार आहे. मंजुरीला तीन वर्षं झाल्यावर वस्तू परवडणाऱ्या दरात मिळत नसेल, तर कलम ८४ खाली दुसऱ्या उत्पादकाला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या मर्जीविना ती वस्तू बनवण्याची परवानगी, मागता येतो. २०१२ मध्ये बायर कंपनीच्या कर्करोगावरच्या नेक्साव्हरसाठी नॅटकोला तो मिळाला आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. पेटंट कचेरीच्या संकेतस्थळावर कोणतंही भारतीय पेटंट फुकट शोधता येतं, मुदत संपली की नाही तेही दिसतं.

रुग्णालयांकडे मागणी साधी आहे. ऑपरेशनआधी सांगा: कुठली जाळी, का, साधी चालेल का, छापील किंमत किती. डिस्चार्ज कार्डावर कंपनी, प्रकार आणि बॅच नंबर लिहा; उद्या एखादी जाळी बाजारातून परत घेतली गेली तर हर्णैच्या खलाशाला कळणार कसं, की आपल्या पोटात तीच आहे? राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. त्या दरपत्रकात जाळीची ओळही यावी.

आणि ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालं आहे त्यांनी फाइल काढून स्टिकर आहे का ते बघावं. नसेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून केसपेपरची प्रत मागावी. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.

आपला,
एक जाळी-दोरखंड विक्रेता
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती)