हलकं फ्लायव्हील, मऊ क्लच

कोल्हापूर

प्रिय अज्या,

तुझ्या होंडा सिटी व्हीटेकसाठी क्रोमोलीचं, म्हणजे क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचं, हलकं फ्लायव्हील (क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला फिरणारी चकती) आलं, हे वाचून बरं वाटलं. म्हणजे उद्यमनगरात जुन्याच फ्लायव्हीलचे काठ लेथवर उतरवून घ्यायचा बेत बारगळला. जुनं ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. ६,००० आरपीएमच्या पुढे तडकलं, तर तुकडे गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येतात.

आता क्लच. सिरॅमिकची, बिनस्प्रिंगची क्लच प्लेट घेऊ का म्हणतोस. अजिबात नको.

हिशेब मांडून बघ. मध्यापासून सरासरी १० सेंटिमीटरवरचं ४ किलो वजन गेलं, पहिल्या गिअरचं एकूण रिडक्शन (चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) १४ धर, चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर. पहिल्यात गाडी १०० किलोंनी हलकी झाल्यासारखी पळणार, कारण रिडक्शनचा वर्ग होतो! पाचव्यात तोच फायदा जेमतेम ५ किलो. सगळी गंमत पहिल्या-दुसऱ्यात, आणि त्रासही तिथेच. गाडी सुटताना इंजिनाला सावरणारा जोर कमी झालाय. त्यात सिरॅमिक एकदम धरते किंवा सोडते, मधलं काही तिला जमत नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये धक्के खात बंद पडशील, आणि मागचे हॉर्न ऐकत बसशील.

१०६ हॉर्सपॉवरला कंपनीच्या मापाची ऑरगॅनिक, म्हणजे नेहमीच्या मऊ अस्तराची, प्लेट पुरून उरते. फारच हौस असेल तर क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट थोडी कडक घे. थोडीच! पेडल जड होतं ते सोड, पण दाबताना तो जोर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो.

क्लच प्लेट मात्र मधोमध स्प्रिंगा असलेलीच हवी. इंजिनाचे ठोके आजवर जड फ्लायव्हील गिळत होतं. आता बरंचसं स्प्रिंगांच्या अंगावर. त्याही नसल्या तर न्यूट्रलला डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड. थोडी तरी येईलच म्हणा. क्लच दाबल्यावर थांबत असेल तर घाबरू नकोस.

आणि खंबाटकीत हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची तुझी खोड सोड, हँडब्रेक कशाला दिलाय? या फ्लायव्हीलमध्ये उष्णता मुरायला धातूच कमी आहे, प्लेट लवकर जळेल.

गिअरबॉक्स उतरतोच आहे तर मागचं ऑइल सील, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग बदलून टाक. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, टॉर्क रेंचनेच आवळायला सांग. प्रेशर प्लेटची भोकं फ्लायव्हीलच्या पिनांवर बसतात का, ते आधी दुकानातच बघ. गंज धरू नये म्हणून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढायचं, नाहीतर नवी प्लेट पहिल्याच दिवशी घसरायला लागेल. पहिले ८०० किलोमीटर शहरातच, रेस न करता.

काम कुठल्या वारी काढतोयस ते कळव, जमलं तर येतो. आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेव.

तुझा,
सुऱ्या