रात्री साडेनऊचा रंग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. शेवटच्या ओळीत तू सहज विचारलंस, "हॉल रंगवून झाला का?" त्या एका ओळीचं उत्तर लिहायला एवढे दिवस लागले, कारण उत्तर रोज बदलत होतं. नाही झाला अजून. लांबी (पुट्टी) भरून झाली, पॉलिश पेपर मारून झाला, प्रायमरचा हातही देऊन झाला. चार दिवस भिंती पांढऱ्याफटक उभ्या आहेत आणि रंगारीकाका रोज संध्याकाळी फोन करून एकच विचारतात, "शेड ठरली का?"

सगळं पहिल्यापासून सांगतो. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगायला गेलो तर लोक म्हणतील, रंगावरून कुणी एवढं मनाला लावून घेतं का. मी घेतलं.

हॉल रंगवायचा हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. कोणता रंग, हे मात्र माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. शेड कार्ड आणून हिच्यासमोर ठेवलं, तर मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाली, "तुला आवडेल तो लाव. मला काहीही चालेल." मी तीन रात्री बसून चार छटा काढल्या. पहिली दाखवली. "हा नको." का नको? "असंच. बरा नाही वाटत." दुसरी? "हा दवाखान्यासारखा." तिसरी? "अंधार वाटेल." बरं, मग तुझ्या मनात कोणता आहे? "माझ्या मनात काही नाही रे, तू बघ ना."

मला राग आला, खरंच आला. रंग नाकारायचा हक्क तिला पुरेपूर आहे, घर दोघांचं आहे. पण काहीही चालेल असं म्हणायचं आणि समोर येईल ते चालवून घ्यायचं नाही, म्हणजे निवडायची सगळी मेहनत माझी आणि निकाल तेवढा तिचा. वर पुढे रंग फसला, तर तो मीच निवडलेला असणार. एका रात्री मी तिला हे असंच, याच शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "एवढं काय त्यात, रंगच तर आहे." त्यावर मी काही बोललो नाही. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

माझ्यासाठी तो नुसता रंग नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. चार वर्षं झाली, मी घरूनच काम करतो, त्याच हॉलमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर. दिवसाचे नऊ तास समोर तीच भिंत असते. स्क्रीनवरून मान वर केली की ती दिसते, फोनवर बोलताना ती दिसते, काही सुचेनासं झालं की तिच्याकडेच बघत बसतो. ज्या भिंतीशी एवढा संबंध येतो तिचा रंग विचार करून निवडावा, यात मला काही जास्तीचं वाटत नाही.

शेड कार्डावरून रंग ठरवणं ही पहिली चूक. कार्डावरचा तुकडा जेमतेम दोन इंचांचा, आणि त्याच्या चारही बाजूंनी पांढरा कागद. तोच रंग भिंतभर लागला की जास्त गडद, जास्त भडक वाटतो. चार भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, तो प्रत्येक वेळी थोडा थोडा रंगून परत येतो, आणि सगळी खोलीच त्या रंगात बुडते. म्हणून कार्डावर मन बसलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घ्यावी असं जाणकार सांगतात, आणि माझा अनुभवही तोच आहे. नावांवरून तर काहीच कळत नाही. आपण अबोली म्हटलं की अबोलीच डोळ्यांपुढे येते, मोरपिशी म्हटलं की पीस दिसतं. कार्डावर मात्र "सकाळची कुजबुज" छापाची नावं असतात, त्यातून काय दिसणार?

मग मी नमुन्याचे छोटे डबे आणले आणि जुन्या भिंतीवरच हातभर रुंदीचे चार पट्टे मारले. ही दुसरी चूक. आमची जुनी भिंत पिवळट क्रीम होती. तिच्यावर मारलेला स्वच्छ राखाडी पट्टा वाळल्यावर चक्क जांभळट दिसायला लागला. डबा उघडून बघितला, डब्यात राखाडीच. ब्रशला राखाडी, वर्तमानपत्रावर पडलेला थेंबही राखाडी. भिंतीवर तेवढा जांभळा.

यावर वाचायला बसलो तेव्हा शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची हकीकत सापडली. मला ती फार आवडली. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत १८२४ मध्ये तो रंगाईचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार होती की काळं सूत नीट काळं रंगत नाही, फिकं पडतं. त्याने सूत तपासलं तर त्यात काही खोट नव्हती. ते निळ्या-जांभळ्या सुताशेजारी विणलं जात होतं, आणि त्या शेजारामुळे काळं फिकं दिसत होतं. दोष रंगाईत नव्हता, शेजारात होता. १८३९ मध्ये त्याने हे सगळं नियम बांधून सविस्तर छापलं. माझ्या राखाडीचंही तेच झालं होतं. पिवळ्याच्या शेजारी बसला की डोळा राखाडीत पिवळ्याच्या विरुद्ध बाजूचा रंग बघतो.

आता मुख्य गोष्ट. त्या चार पट्ट्यांपुढे मी हिला आणून उभं केलं. ती कामावरून नुकतीच आली होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. माझ्या सगळ्यात आवडत्या पट्ट्याकडे, उबदार राखाडीकडे बोट करून म्हणाली, "हा हिरवट आहे." मी म्हटलं, नाही गं, हा राखाडी आहे. "हिरवट आहे," असं पुन्हा म्हणून ती आत निघून गेली. त्या क्षणी वाटलं, ही बघतच नाहीये, मला गप्प करायला तोंडाला येईल ते बोलतेय. हिला रंग नीट दिसत नसतील का, असंही मनात येऊन गेलं. पण लाल-हिरव्याचं आंधळेपण पुरुषांच्या मानाने बायकांत फार क्वचित असतं, कारण तो दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि बायकांकडे ती दोन असतात. ती शंका मी तिथेच सोडली.

जेवणं झाल्यावर ती झोपायला गेली आणि मी हॉलमध्ये एकटाच बसलो. माझ्या टेबलाशी न बसता, का कोण जाणे, तिच्या खुर्चीत बसलो, समोरच्या कोपऱ्यात. वर ट्यूबलाइट. मान वर केली, आणि मित्रा, तो पट्टा हिरवा होता. हिरवट म्हणजे ओढूनताणून हिरवट नव्हे. पाण्याच्या टाकीत आत शेवाळ धरतं ना, तसा. मी उठून जवळ गेलो, बोट फिरवलं. सकाळी नऊ वाजता मी ज्याला राखाडी म्हणत होतो, तोच हा.

डब्यावरचं लेबल वाचलं तेव्हा उलगडा झाला. त्या राखाडीत काळ्याबरोबर पिवळ्या ऑक्साइडचे थेंब होते, आणि काळ्या-पिवळ्याच्या पोटात हिरवा दडलेला असतो. आमची ट्यूब जुन्या पद्धतीची, पाऱ्याच्या वाफेची. तिच्या उजेडात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात, पाऱ्याचा एक ठळक हिरवा पट्टा त्यात असतो. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून येणारं ऊन पिवळं आणि उबदार असतं, दुपारनंतर त्याच खिडकीतून नुसता आकाशाचा निळसर उजेड येतो. भिंतीवर जसा उजेड पडेल तसाच रंग ती परत देणार. दोन रंग एका उजेडात हुबेहूब सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसतात, याला मेटामेरिझम म्हणतात. माझा पट्टा एकच होता, पण उजेड बदलला की रंग बदलतो म्हणजे काय, हे डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं ते त्या खुर्चीतून.

ही सकाळी आठला घराबाहेर पडते आणि साडेसातला परत येते. सुट्टीचा दिवस सोडला तर या हॉलमध्ये दिवसाचा उजेड तिच्या वाट्याला येतच नाही. मी ज्या खोलीसाठी रंग शोधत होतो ती सकाळी नऊची. ती ज्या खोलीला नाही म्हणत होती ती रात्रीची. अकरा वर्षं एका घरात राहून ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे पट्टे घासून काढायला सांगितले (त्यांच्या कडा तशाच राहिल्या असत्या तर शेवटच्या हातानंतरही उठून दिसल्या असत्या). मग दोन-दोन फुटांचे पुठ्ठे घेतले, प्रत्येकाला एका छटेचे दोन हात दिले, कडेने बोटभर पांढरं सोडलं. ओला रंग फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो, म्हणून वाळल्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही असं ठरवलं. प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलने वेळा लिहायला लागलो. "सकाळी ९, ऊन: उबदार, छान." "दुपारी ३, ढग: थोडा थंड." "संध्याकाळी ७, ट्यूब: हिरवा, बाद." पुठ्ठा खिडकीशेजारी, खिडकीसमोर, सोफ्यामागे, फरशीला टेकवून, सगळीकडे फिरवला. ट्यूबही काढून टाकली आणि २७०० केल्व्हिनचे पिवळसर एलईडी दिवे लावले. पूर्वीची ६५०० ची होती (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर). एवढ्यानेच अर्धी खोली बदलल्यासारखी वाटली. हे मी रंगाच्या आधी करायला हवं होतं. तू पुढेमागे घर रंगवशील तेव्हा दिवे आधी ठरव, रंग मागून.

"अंधार वाटेल" या तिच्या वाक्याचाही मी मागोवा घेतला. शेडची माहिती देतात तिथे एलआरव्ही म्हणून एक आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. ० म्हणजे ठार काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. तिने अंधार म्हणून नाकारलेली छटा ३८ ची होती. पूर्वेला एकच खिडकी असलेल्या हॉलला ती खरंच जड झाली असती. आता जे दोन पुठ्ठे उरलेत ते ६० च्या पुढचे आहेत: एक मोतिया, एक फिकट मातकट गुलाबी.

यावरून ही सुधारली असं समजू नकोस. अजूनही "कोणता?" म्हटलं की "कोणताही" हेच उत्तर येतं, आणि मला अजूनही त्याचा त्रास होतो. पण मी प्रश्न बदलला. कोणता आवडतो हे विचारणं सोडलं आणि एकदा विचारलं, "जुन्या भिंतीत तुला काय खुपायचं?" ती लगेच म्हणाली, "चमक. टीव्ही बघताना त्या भिंतीवर दिवा दिसतो, डोळ्यांत जातो." क्षणभरही विचार केला नाही. म्हणजे इतकी वर्षं तिला ते खुपत होतं. जुना रंग सॅटिनचा, म्हणजे हलक्या चमकीचा होता, पुसायला सोपा म्हणून आम्हीच घेतलेला. मी तिथल्या तिथे मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग ठरवला. मॅटला डाग लवकर धरतात आणि बटणांच्या आसपास हात लागून भिंत मळेल, पण उजेड अंगावर येत नाही आणि लांबीचे उंचसखल भागही झाकले जातात. एवढ्या दिवसांत तिच्याकडून मिळालेली ही पहिली नेमकी माहिती.

बाकीचा हिशेब सोपा. भिंती धरून साधारण ४० चौरस मीटर, एका हाताला लिटरमागे १० ते १२ चौरस मीटर, दोन हात, म्हणजे ८ लिटर. सगळे डबे एकदमच मिसळून घ्यायचे, नाहीतर मागून आणलेल्या डब्याची छटा केसभर का होईना वेगळी निघते.

आणि आता जे लिहिण्यासाठी पत्र घेऊन बसलो ते. काल मी लवकर झोपलो. मोतिया पुठ्ठा माझ्या टेबलामागे टेकवून ठेवला होता. आज सकाळी उठलो तर तो तिथे नव्हता. तिच्या खुर्चीसमोर, टीव्हीच्या वरच्या भिंतीला चिकटपट्टीने लावलेला होता, थोडा तिरका. काढून उलटा केला. माझ्या सात नोंदींच्या खाली, तिच्या डावीकडे कललेल्या अक्षरात, एक आठवी नोंद होती: "रात्री ९:३०. बरा."

मी तिला काही विचारलं नाही, तीही काही बोलली नाही. ती आठला बाहेर पडल्यावर मी रंगारीकाकांना फोन केला. गुरुवारी येतायत. छताला शुद्ध पांढरा द्यावा की याच मोतियाचा आणखी फिका हात, तेवढं मात्र बुधवारपर्यंत कळव.

तुझा

मित्र